दोन्ही टोकांना विचारा

भाषेच्या मास्तराकडे गावातली माणसं दोन कामं घेऊन येतात. अर्ज लिहून द्या, नाहीतर लग्नाच्या रुक्क्याचा मजकूर तपासून द्या. जेऊरात उर्दू आणि मराठी शिकवताना ही दोन्ही कामं मी वर्षानुवर्षं केली आहेत. गेल्या वर्षी तिसरंच काम गळ्यात आलं. सर्व्हर आणि स्विच यांना जोडणारं वेगवान नेटवर्क कार्ड निवडायचं. बीएडला हा विषय नव्हता. पण निवड करताना जे समजलं ते आमच्यासारख्या छोट्या वाचनालयांना, अभ्यासिकांना, मदरशांना, पतसंस्थांना उपयोगी पडेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्याकडे लोकवर्गणीतून चालणारी एक अभ्यासिका आहे. वीस कॉम्प्युटर, कुणीतरी देणगी दिलेला एक जुना सर्व्हर आणि एक स्विच. दिवसा मुलं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. संध्याकाळी वेगळं काम चालतं. करमाळा, केम, कुर्डुवाडी या पट्ट्यातल्या घरांत पडून असलेले जुने कागद आम्ही स्कॅन करतो. कुणाच्या आजोबांची उर्दू शेरांची बयाज, कुणाच्या पणजीच्या तोंडून उतरवून घेतलेली दखनी लग्नगीतं, एखाद्या पाटलांच्या घरातले मोडी कागद, एखाद्या शिक्षकाची मराठी रोजनिशी. लोक वही देतात ती आठ दिवसांच्या बोलीवर. स्कॅन करून वही जशीच्या तशी परत करायची, हा आमचा शब्द. नंतर मुलं स्क्रीनवर ती पानं सरळ करतात, नोंदी घालतात आणि मजकूर टाइप करतात.

अडचण तिथंच होती. ए-फोर आकाराचं एक पान ३०० डीपीआयने रंगीत स्कॅन केलं आणि दाबून लहान न करता ठेवलं, तर ते साधारण २६ मेगाबाइट भरतं. मूळ प्रत अशीच ठेवावी लागते. उर्दूत एका नुक्त्याने अक्षर बदलतं आणि फाइल फार दाबली की पहिला बळी नुक्त्याचाच जातो. आमचा सर्व्हर स्विचला १ गिगाबिटच्या एकाच तारेने जोडलेला होता. म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिट. वीस मुलं एकदम कामाला बसली की प्रत्येकाच्या वाट्याला ५० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट होतो, तेव्हा हा वाटा सहा मेगाबाइटच्या आसपास. एक पान उघडायला चार सेकंद. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण शंभर पानांची वही नुसती चाळायची तरी सात मिनिटं जातात, आणि तोवर एक अक्षरही टाइप झालेलं नसतं. मुलं कंटाळली. वीसातली आठ येईनाशी झाली.

ज्यांना हे शब्द नवे आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सर्व्हर म्हणजे सगळी पानं ठेवलेलं मोठं कपाट. स्विच म्हणजे त्या कपाटातलं सामान वीस टेबलांपर्यंत पोचवणारा माणूस. नेटवर्क कार्ड म्हणजे कपाटाचं दार. दार अरुंद असेल तर आत कितीही सामान असलं आणि बाहेर कितीही हात असले तरी माल एकेकच बाहेर येणार.

पण रोग दारातच आहे, हे आधी पक्कं करावं लागतं. फिरती हार्ड डिस्क चांगल्या दिवशी सेकंदाला दीडशे ते दोनशे मेगाबाइट वाचते. वीस जणांनी वीस वेगवेगळी पानं मागितली तर त्याहून पुष्कळ कमी. अशा डिस्कपुढे महागडं कार्ड लावणं म्हणजे पैसे वाया. आमच्या सर्व्हरमध्ये एसएसडी होती. ती सेकंदाला पाचशे मेगाबाइटच्या आसपास देऊ शकत होती, आणि १ गिगाबिटच्या तारेतून मात्र ११८ च्या वर काही येत नव्हतं. म्हणजे अडलं होतं ते तारेतच. आणखी एक गोष्ट याच हिशोबातून निघाली. पाचशे मेगाबाइट म्हणजे ४ गिगाबिट. तेव्हा १० गिगाबिटचं दार आम्हाला पुरून उरणार होतं. त्याहून मोठं दार करून उपयोग नव्हता, कारण आत तेवढा मालच नव्हता.

हे मी बैठकीत मांडलं, तरी वाद झाला. पुण्यातल्या जुन्या मालाच्या एका दुकानदाराने आमच्या एका तरुण कार्यकर्त्याला ४० गिगाबिटचं वापरलेलं कार्ड दाखवलं होतं. किंमत १० गिगाबिटच्या कार्डाइतकीच. पोरगा हरखून गेला होता. म्हणाला, "सर, चालीस का कार्ड दस के भाव में मिल रा, छोडना नक्को." दुसऱ्या एका माजी विद्यार्थ्याचं म्हणणं, तांब्याच्या नेहमीच्या तारेचं १० गिगाबिट कार्ड घ्या, तार भिंतीत आहेच. तिसऱ्यांचं म्हणणं, आहे ते बरं आहे, राहू द्या. तिघांचंही मन साफ होतं. पण पैसा चंद्याचा होता. शुक्रवारी कुणी पन्नास टाकलेले, ऊसतोडीवरून आलेल्या कुणी दोनशे दिलेले. असा पैसा अमानत असतो. तो अंदाजाने खर्च करता येत नाही.

बैठकीत रेल्वेतून निवृत्त झालेले एक चाचा बसले होते. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, असं तेच सांगतात. सगळ्यांचं ऐकून ते म्हणाले, "मास्तर, गाडी की रफ्तार बाद में पूछो. पहले रूळ कित्ता चौडा है वो देखो."

आमच्या भागातल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. जेऊरहून सोलापूरच्या बाजूला निघालं की पुढे कुर्डुवाडी लागतं. तिथं शंभरहून जास्त वर्षं दोन रेल्वे शेजारी शेजारी होत्या. मुंबई-सोलापूरची मोठी लाइन, साडेपाच फूट रुंदीची. आणि कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने उभी केलेली बार्शी लाइट रेल्वे, अडीच फूट रुंदीची. ती १८९७ मध्ये सुरू झाली तेव्हा कुर्डुवाडीच्या स्टेशनाला बार्शी रोड म्हणत. पुढे ही छोटी लाइन १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. छोटी गाडी वाईट नव्हती. कमी खर्चात आडवळणाच्या गावांना तिने बाजार दाखवला. मोठी गाडीही वाईट नव्हती. पण मोठ्या लाइनचा डबा छोट्या रुळावर चढत नव्हता. म्हणून प्रत्येक पोतं हमालाच्या पाठीवरून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जायचं. चाचांच्या वडिलांनी उमेदीची वर्षं त्याच कामात घालवली. या शतकाच्या पहिल्या दशकात रूळ बदलले, तेव्हा कुठे ती पोती थांबली.

चाचांचा प्रश्न घेऊन मी पुण्याच्या त्या ४० गिगाबिटच्या कार्डाकडे पाहिलं. कार्डावर लिहिलेला नंबर उतरवून घेतला आणि त्याची माहितीपत्रिका वाचली. कार्ड अस्सल होतं. दुकानदाराने फसवलेलं नव्हतं. पण ते इन्फिनिबँडचं कार्ड होतं. आपली नेहमीची नेटवर्कं इथरनेट बोलतात. इन्फिनिबँड ही वेगळी बोली आहे, मुख्यतः सुपरकॉम्प्युटरमध्ये वापरली जाणारी. तोंडाचा आकार दोन्हीकडे सारखा असू शकतो, तार बसते, पण बोलणं होत नाही. काही कार्डांना दोन्ही बोली येतात. या कार्डाला एकच येत होती. उर्दूवाल्यांना हा अनुभव आहे. इनपेजमध्ये केलेली जुनी फाइल युनिकोड समजणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडली की अक्षरांच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो. फाइल खरी असते, प्रोग्रामही खरा असतो. मध्ये भाषा जुळलेली नसते.

ज्यांच्याकडे देशातली हुशार माणसं होती त्यांनाही हा प्रश्न सुटलेला नव्हता. अमेरिकेकडून क्रे सुपरकॉम्प्युटर मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. एका प्रचंड यंत्राऐवजी अनेक छोटी यंत्रं एकत्र जोडून काम करून घ्यायचं, ही त्यामागची रीत. एकदा ही रीत पत्करली की प्रत्येक यंत्र किती वेगवान, याइतकाच ती एकमेकांशी कशी बोलतात हा प्रश्न मोठा होतो. २००३ च्या परम पद्मसाठी सी-डॅकने परमनेट-टू हे स्वतःचं जाळं वापरलं. त्यात यंत्रात बसणारं कार्डही त्यांचं आणि समोरचा स्विचही त्यांचा. दोन्ही टोकं एकाच हाताने घडवलेली. २००८ च्या परम युवासाठी परमनेट-थ्री आलं. २०१३ च्या परम युवा-टूसाठी मात्र त्यांनी बाजारातलं इन्फिनिबँड घेतलं, आणि तेही अर्थातच दोन्ही टोकांना. जेऊरच्या अभ्यासिकेला स्वतःचं कार्ड आणि स्विच घडवता येत नाही. पण विकत घेताना दोन्ही टोकांना विचारून घेणं आपल्या हातात आहे.

मग मी एकेका टोकाला विचारत गेलो.

पहिलं टोक स्विच. आमच्या स्विचला तांब्याच्या तारेची २४ तोंडं आहेत, सगळी १ गिगाबिटची, आणि कडेला दोन चौकोनी रिकामे खण आहेत. अशा खणांना एसएफपी म्हणतात. पण १ गिगाबिटचा एसएफपी आणि १० गिगाबिटचा एसएफपी प्लस हे बाहेरून सारखेच दिसतात. स्विचच्या पुस्तिकेत पाहिलं. आमचे एसएफपी प्लस निघाले. म्हणजे वेगाचा रस्ता त्या दोन खणांतूनच होता.

यातच तांब्याच्या कार्डाचा निकाल लागला. आरजे-४५ या नेहमीच्या तोंडाचं कार्ड सरळ त्या खणात जात नाही. मध्ये तांब्याचं मॉड्यूल लागतं, आणि ते फार तापतं. शिवाय आमच्या भिंतीतली तार कॅट-५ई. तांब्यावरून १० गिगाबिटचं जे मानक २००६ मध्ये ठरलं, ते कॅट-६ वर ५५ मीटर आणि कॅट-६ए वर १०० मीटर धरतं. कॅट-५ई त्यात बसत नाही. म्हणजे भिंत फोडून नवी तार घालावी लागली असती. आणखी एक गोष्ट इतरांसाठी सांगून ठेवतो. अडीच आणि पाच गिगाबिटचं मानक २०१६ चं आहे. त्याआधीची कित्येक १० गिगाबिट कार्डं अडीचच्या स्विचसमोर थेट १ गिगाबिटवर उतरतात. मोठ्याला लहान जमेलच, हा हिशोब इथं चालत नाही.

दुसरं टोक सर्व्हर. कार्ड ज्या खाचेत बसतं तिला पीसीआय एक्स्प्रेस म्हणतात. खाचेची लांबी फसवी असते. आमच्या सर्व्हरमधली रिकामी खाच दिसायला सोळा लेनची, पण आत जोडलेल्या लेन चारच. हायवेसारखा रुंद टोलनाका आणि पुढे चारच मार्गिका. खाच तिसऱ्या पिढीची होती. त्या पिढीत एका लेनमधून ८ गिगाबिटच्या जरा कमीच जातं, म्हणजे चार लेनमधून साधारण ३१. ४० गिगाबिटचं कार्ड तिथं बोली जुळली असती तरी पूर्ण चाललं नसतं. कार्ड दुसऱ्या पिढीचं असेल तर खाचही त्याच्यासाठी दुसऱ्या पिढीसारखी वागते, एका लेनला ४ गिगाबिट, चार लेनचे १६. १० गिगाबिटच्या एका तारेला हे पुरेसं आहे. दोन तोंडांचं कार्ड घेऊन दोन्ही एकदम पूर्ण वेगाने चालवायची असतील तर पुरेसं नाही. आम्हाला आज एकच तोंड लागणार होतं.

तिसरी गोष्ट सर्व्हरच्या आतली, ड्रायव्हर. आमच्या सर्व्हरवर लिनक्स आहे. कार्डावरची चिप लिनक्सच्या आपण वापरतो त्याच आवृत्तीत ओळखली जाते का, हे आधी पाहून ठेवलं. जुनी कार्डं स्वस्त मिळतात त्याचं एक कारण हेही असतं की काही नव्या प्रणाल्यांनी त्यांचे ड्रायव्हर काढून टाकलेले असतात.

चौथी गोष्ट उष्णता. सर्व्हरसाठी केलेल्या कार्डावर बहुतेक वेळा पंखा नसतो. पेटीतल्या पंख्यांचा वारा त्याच्यावरून जाईल असं धरलेलं असतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळीसच्या पुढे जातो. म्हणून कमी तापणारं एसएफपी प्लसचं कार्ड ठरवलं आणि खाचेसमोर एक छोटा पंखा बसवून घेतला. कार्डाची कडेची पट्टी पेटीच्या उंचीची आहे ना, तेही मोजलं. बुटकी पट्टी उंच पेटीत स्क्रूने आवळता येत नाही.

शेवटी मधलं अंतर. सर्व्हर ऑफिसात आणि स्विच वाचन खोलीत, तार जाणार अठरा मीटर. दोन्ही टोकांना मॉड्यूल जोडूनच येणारी तांब्याची तयार तार असते. ती स्वस्त आणि बिनतक्रार, पण साधी असेल तर सहा-सात मीटरच्या पुढे जात नाही. सर्व्हर आणि स्विच एकाच कपाटात असते तर मी तीच घेतली असती. अठरा मीटरसाठी काचेची तार, म्हणजे फायबर, घ्यावी लागली. ओएम-३ प्रकारच्या फायबरवर १० गिगाबिट ३०० मीटरपर्यंत जातं, तेव्हा अंतराचा प्रश्न उरला नाही.

फायबरच्या दोन टोकांना दोन मॉड्यूल लागतात आणि सगळ्यात जास्त अडतं ते इथंच. प्रत्येक मॉड्यूलमध्ये एक छोटी मेमरी असते आणि तिच्यात बनवणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं. काही स्विच आणि काही कार्डं ते नाव वाचतात आणि ओळखीचं नसेल तर मॉड्यूल नाकारतात. मला आधी वाटलं, दोन्ही मॉड्यूल एकाच कंपनीची घेतली की काम झालं. वाचल्यावर कळलं की तसं नाही. कार्डाच्या बाजूचं मॉड्यूल कार्डाला मान्य असलं पाहिजे आणि स्विचच्या बाजूचं स्विचला. ती दोन वेगवेगळ्या कंपन्यांची असली तरी हरकत नाही. मधल्या तारेतला प्रकाश मात्र एकच हवा. दोन्हीकडे एसआर प्रकारचं मॉड्यूल, ८५० नॅनोमीटरचा प्रकाश. एका बाजूला एसआर आणि दुसऱ्या बाजूला लांब पल्ल्याचं, १३१० नॅनोमीटरचं एलआर लावलं तर दोघं आपापल्या जागी धडधाकट असूनही एकमेकांना ऐकू येत नाहीत.

हे वाचल्यावर मी थोडा वेळ थांबलो. आपल्याकडे जुळवून घेणं म्हटलं की बहुतेकांना वाटतं, एकाने दुसऱ्यासारखं व्हायचं. घरात दखनी बोलणाऱ्या मुलाला वर्गात याच अपेक्षेचं ओझं होतं, हे मी रोज पाहतो. इथं तर दोन्ही टोकं आपापल्या घराशी आपापल्या रीतीनेच बोलत होती. दोघांनी मिळून मान्य करायचं होतं ते फक्त मधलं. त्यासाठी मानक असतं, आणि ते कुणा एका कंपनीच्या मालकीचं नसतं. फायबरवरच्या १० गिगाबिटचं मानक २००२ मध्ये ठरलं. इतक्या वर्षांनंतरही दोन अनोळखी कंपन्यांची यंत्रं त्याच्या आधाराने एकमेकांशी बोलतात.

सगळं कागदावर लिहून बैठकीत वाचून दाखवलं. दोन तोंडांचं, एसएफपी प्लसचं, १० गिगाबिटचं वापरलेलं कार्ड. कार्डाला चालणारं एक एसआर मॉड्यूल, स्विचला चालणारं एक. वीस मीटर फायबर. न चालल्यास सात दिवसांत परत घेऊ, असं दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यायचं. ४० गिगाबिटवाला पोरगा थोडा हिरमुसला, पण कार्ड बसवायला तोच पुढे आला. सर्व्हर चालू झाल्यावर त्याने आधी खाचेचा वेग आणि लेन तपासल्या, मग तारेचा वेग. मोजणीत ९.४ गिगाबिट आले. दहा का नाहीत, असं चाचांनी विचारलं. प्रत्येक पाकिटावर पत्ता लिहायला थोडी जागा जाते, असं त्याने सांगितलं. उत्तर बरोबर होतं.

पान आता एका सेकंदात उघडतं. दहापट वेग आला नाही, चारपट आला, कारण पुढची मर्यादा डिस्कची आहे. ते बैठकीत आधीच सांगितलेलं असल्यामुळे कुणी नाराज झालं नाही. न येणाऱ्या आठ मुलांपैकी पाच परत आली. उरलेल्या तिघांचं बारावीचं वर्ष आहे, त्यांना मीच येऊ नका म्हटलं. केमच्या एक खाला त्यांच्या अब्बांची बयाज परत न्यायला आल्या, तेव्हा एका मुलीने त्यांना स्क्रीनवर ती पानापानाने दाखवली. एका पानाच्या समासात अब्बांनी मराठीत वाणसामानाचा हिशोब लिहिलेला आहे. खालांनी तो मोठ्याने वाचला आणि त्या वेळी गूळ किती स्वस्त होता यावर पंधरा मिनिटं बोलल्या.

स्विचच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर पाच प्रश्न आहेत. डिस्क किती देते? स्विचचा खण कुठल्या प्रकारचा? खाचेत लेन किती आणि पिढी कुठली? ड्रायव्हर आहे का? दोन्ही मॉड्यूल आपापल्या टोकाला मान्य आहेत का, आणि मधला प्रकाश एकच आहे का? उद्या मी नसलो आणि कुणी नवं यंत्र आणलं तर त्याने आधी हा कागद वाचावा. बिलं खालच्या फाइलमध्ये लावलेली आहेत. चंदा देणाऱ्या कुणालाही ती बघता येतात.